दिघ्यांचं राहिलेलं वाक्य

फर्स्ट शिफ्टच्या बसमध्ये माणसं झोपायला बसतात, हा जगाचा नियम आहे. पेणहून रोह्याला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये तो एका माणसामुळे मोडला. रामवाडीच्या थांब्यावर दिघे चढायचे, पुढच्या दांड्याला धरून आमच्याकडे तोंड करून उभे राहायचे आणि वडखळ यायच्या आत पहिला प्रश्न टाकायचे. "सांगा मंडळी, आपल्या घरात दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा उघडणारी वस्तू कोणती?" डोळे मिटलेलेच ठेवून कुणी म्हणायचं, "फ्रिज." कुणी म्हणायचं, "दाराची कडी." मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "तुमचं तोंड." सगळी बस हसली आणि जागी झाली. दिघे सगळ्यात जास्त हसले.

मी कंपनीत नवीन होतो तेव्हाची गोष्ट. मीही काहीतरी उत्तर दिलं, ते अर्थातच चुकलं. दिघे माझ्याकडे झुकून म्हणाले, "चुकलं नाय हो नाईक, जरा पलीकडं पडलं." पुढे इतकी वर्षं एकाच बसने गेलो, पण कुणाच्या उत्तराला त्यांनी सरळ 'चूक' म्हटल्याचं मला आठवत नाही. चुकीचं उत्तर म्हणजे त्यांच्या मते बरोबर उत्तराच्या शेजारी राहणारं कुणीतरी. त्यालाही बस म्हणायचं, पाणी विचारायचं.

सुधाकर दिघे लॅबमध्ये होते. काम चोख, पण बढतीच्या बाबतीत कायम साहेबांच्या नजरेआड. वरिष्ठांना त्यांच्याबद्दल इतकंच माहीत होतं की कंपनीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात खेळ घ्यायला हा माणूस बरा आहे. अशाच एका संमेलनाला मुंबईच्या एका वाहिनीवर काम करणारे कुणाचे तरी मेहुणे आले होते. दिघ्यांनी आमच्या बायकामुलांना दोन तास असं खेळवलं की जेवणाची पंगत खोळंबली. मेहुण्यांनी त्यांचा फोन नंबर घेतला. असे नंबर लोक घेतात आणि विसरतात. पण हे विसरले नाहीत आणि आमचे दिघे टीव्हीवर आले.

कार्यक्रमाचं नाव सांगत नाही. ज्यांना आठवतं त्यांना आठवतं, बाकीच्यांना सांगूनही आठवणार नाही. साधा खेळ होता. प्रत्येक घरातली दोन माणसं यायची, दिघे विचारतील त्या एकमेकांबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. चुकलं की खाली उतरायचं. दिघे महिन्यातले काही दिवस रजा टाकून मुंबईला जायचे आणि उरलेले दिवस आमच्याबरोबर बसमध्ये. पेणमध्ये त्यांना आता भाजीवाली ओळखून जास्तीची कोथिंबीर द्यायला लागली होती. "प्रसिद्धीचा एवढाच फायदा झाला," असं दिघ्यांच्या पत्नी मालतीवहिनी म्हणायच्या, "पण कोथिंबीर ताजी असते."

पडद्यावर त्यांची एक सवय होती आणि तीच पुढे त्यांना नडली. हरलेला माणूस खाली उतरला की दिघे त्याच्याबरोबर उतरायचे. पायरीवर हात द्यायचे, काहीतरी बोलत बोलत त्याला पार दारापर्यंत नेऊन सोडायचे. इकडे कॅमेरा रिकाम्या मंचावर. जिंकलेली माणसं हातात बक्षीस धरून इकडे तिकडे बघताहेत, संगीत वाजून संपलंय आणि सूत्रधाराचा पत्ता नाही. दिग्दर्शकाने आधी समजावलं, मग दम दिला. "सर, जिंकलेल्याकडे थांबा. लोकांना तो बघायचा असतो." दिघे म्हणाले, "जिंकलेला कुठं जातोय? तो थांबणारच आहे. पाहुणा निघाला की उंबऱ्यापर्यंत जायचं असतं, आमच्याकडे तशी पद्धत आहे."

पद्धत बदलेना तेव्हा वाहिनीने सूत्रधारच बदलला. एके दिवशी चित्रीकरण संपल्यावर मेकअप पुसता पुसता त्यांना सांगितलं, "सर, पुढच्या आठवड्यापासून नवीन मुलगा येतोय." निरोपाचा भाग नाही, दोन शब्द नाहीत. दिघे दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे बसमध्ये चढले, पण प्रश्न टाकला नाही. नागोठणं मागे पडल्यावर मला हळूच म्हणाले, "नाईक, कार्यक्रम गेला त्याचं काय नाय. एक वाक्य बोलायचं राहिलं हो."

मी विचारलं, कुठलं वाक्य. त्यांनी ते आधीच घडवून ठेवलं होतं. "जे इथून रिकाम्या हातानं घरी गेले, त्यांना माझा नमस्कार. तुम्ही आलात, म्हणून खेळ झाला." एवढंच. शेवटच्या भागात ते बोलायचं असं त्यांनी पहिल्या महिन्यातच ठरवलं होतं. मी म्हटलं, "मग आता बसमध्ये बोला, आम्हीपण रोज हरतो." ते हसले नाहीत. "ज्यांना सांगायचंय ते कुठं कुठं पांगलेत. ते टीव्हीसमोरच सापडायचे."

इथून दिघ्यांचा पडद्यावरचा दुसरा जन्म सुरू झाला. वर्षातून कधी एकदा, कधी तेवढंही नाही, त्यांना एखादं काम यायचं. बहुतेक वेळा सूत्रधाराचंच. सिनेमात कुणाच्या घरात टीव्ही चालू दाखवायचा असला की टीव्हीतला माणूस म्हणून आमचे दिघे. मानधनाच्या नावाने शिमगाच असायचा, रजा खर्ची पडायची, वहिनी चिडायच्या. तरी ते जायचे. लोकांना वाटायचं, एकदा तोंडाला रंग लागला की सुटत नाही. मला खरं कारण माहीत होतं. प्रत्येक ठिकाणी गेल्यावर ते दिग्दर्शकाला विचारायचे, "एक वाक्य माझ्या मनाचं बोलू का?"

एका सिनेमात त्यांना हो मिळालं. नायकाची मारामारी टीव्हीच्या दुकानात होती आणि दुकानातल्या सगळ्या टीव्हींवर दिघे होते. "काका, काहीही बोला," दिग्दर्शकाने सांगितलं. दिघे बोलले, अगदी नीट, हात जोडून. सिनेमा पेणला लागला तेव्हा आमची अख्खी शिफ्ट गेली होती. पडद्यावर एकाच वेळी सगळीकडे दिघे, सगळ्यांचे हात जोडलेले, ओठ हलताहेत आणि आवाज मात्र ढिशुम ढिशुमचा. वाक्य निम्म्यावर आलं आणि नायकाने खलनायकाला उचलून त्यांच्यावर फेकलं. एकेक दिघे फुटत गेले. मागून कुणीतरी पोरगा खऱ्याखुऱ्या दुःखाने म्हणाला, "आयला, काकांना बोलू तरी द्यायचं."

दुसऱ्या एका मालिकेत ते डॉक्टर होते. ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर येऊन मान हलवायची आणि "आम्ही शक्य ते सगळं केलं," म्हणायचं, एवढं काम. दिघ्यांनी मान हलवली, वाक्य म्हटलं आणि मग त्या रडणाऱ्या नटाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाकापर्यंत नेलं, बसवलं आणि पाणी मागवलं. पाणी संहितेत नव्हतं. पुढच्या वेळी डॉक्टर दुसरा आला.

त्यांची सर्वांत दीर्घ भूमिका मात्र निराळीच. एका रोजच्या मालिकेसाठी बोलावणं आलं, "नायिकेचे वडील, घरातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस." दिघे इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून गेले. तिथे त्यांचा एक फोटो काढला आणि घरी पाठवलं. मालिका सुरू झाली तेव्हा कळलं, की महत्त्वाचा माणूस भिंतीवर आहे आणि त्याला चंदनाचा हार आहे. रोज संध्याकाळी नायिका त्यांच्यापुढे उभी राहून रडायची, "बाबा, आज तुम्ही असतात तर..." मालतीवहिनींनी टीव्हीकडे पाठ फिरवली. "जिवंत माणसाला हार घालतात, हात कसे धजावतात मेल्यांचे." दिघे आरामात पोहे खात होते. म्हणाले, "अगं, ती पोरगी रोज मनातलं सगळं सांगते मला. घरात माझ्याशी एवढं कोण बोलतं?"

त्याच आठवड्यात रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे चहाला बसलो होतो. बाहेर टेंपो थांबला आणि गल्लीतून बायकांच्या रडण्याचा आवाज यायला लागला. कुणाकडे काय झालं म्हणून आम्ही दारात गेलो, तर खाडीकडच्या गावातल्या सहा-सात बायका पदर डोळ्याला लावून आमच्याच दिशेने येत होत्या. पुढे सखूबाई. मिठागरात जन्म गेलेली, उन्हाने रापलेली बाई. दिघ्यांच्या कार्यक्रमात ती सुनेबरोबर आली होती. दिव्यांच्या झगझगाटात घाबरून स्वतःच्या सुनेचं माहेरचं नाव विसरली आणि पहिल्याच प्रश्नाला बाहेर पडली. लोक हसले होते. दिघे तिला दाराच्याही पुढे, रस्त्यापर्यंत सोडायला गेले होते.

सखूबाईने दारात दिघ्यांना पाहिलं आणि ती रडता रडता थबकली. मागच्या बाईने विचारलं, "काय झायला गो?" सखूबाई म्हणाली, "आगो, भाऊ तं उभा हाय." मग सखूबाई रागावली. "फोटूला हार बगितला टीवीत. काळजात चर्र झालं माज्या. रातभर डोला लागला नाय. आन् तुमी हितं चा पिताव?"

"चुकलं नाय, सखूबाई," दिघे गहिवरून म्हणाले, "जरा लवकर आलात."

बायकांनी फडक्यात बांधून तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं आणलं होतं. दुःखाच्या घरात चूल पेटत नाही, शेजारापाजाऱ्यांनी अन्न न्यायचं, म्हणून पहाटे उठून रांधलेलं. आता त्याचं करायचं काय, असा प्रश्न पडला. वहिनी आतून आल्या. नवऱ्याच्या फोटोला हार बघून ज्यांचा संताप झाला होता, त्या या बायकांवर चिडतील असं मला वाटलं. पण त्यांनी फडकं सोडलं, ताटं मांडली आणि सगळ्यांना खाली बसवलं. ती सुतकाची भाकरी ज्याच्यासाठी आली, त्याच्याच पंगतीला बसून आम्ही खाल्ली. दिघ्यांनी दोनदा बिरडं मागून घेतलं.

निघताना सखूबाई दारात अडखळली. दुःखाच्या घरून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. ती मनाशी तसं ठरवूनच आली होती, जीभ वळेना. "आता कसं म्हनू भाऊ, येतो म्हनू का नको?" दिघे म्हणाले, "म्हणा. मोठ्यानं म्हणा, गल्लीला ऐकू जाऊ दे." त्या सगळ्या बायका एकदम "येतो" म्हणाल्या आणि दिघे त्यांना टेंपोपर्यंत सोडून आले. परत आल्यावर ते खुर्चीत टेकले. मग म्हणाले, "बघा नाईक. हरून गेलेली बाई. रडायला कोण आलं? जिंकलेल्यांपैकी एक तरी आला का?" आणि मला कळलं, की ते वाक्य आता त्यांच्या डोक्यातून निघणं शक्य नाही.

आम्ही दोघंही निवृत्त झालो. महामार्गाचं काम आमच्या नोकरीत सुरू झालं होतं, ते आमच्या निवृत्तीनंतरही नेटाने चालू राहिलं. पडद्यावरची कामं आटली. आणि मग एका सकाळी दिघ्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, हात बऱ्यापैकी सावरला, पण वाचा गेली. अगदी गेली असं नाही. शब्द आत कुठेतरी असायचे, चेहऱ्यावर दिसायचे, पण तोंडापर्यंत येईपर्यंत वाट चुकायचे. आयुष्यभर दुसऱ्याच्या तोंडून उत्तर काढणारा माणूस 'पाणी' म्हणताना घामाघूम व्हायचा. मला ते बघवत नसे. देव कधी कधी नेमकं तेच काढून घेतो, याचा मला राग येई आणि अजूनही येतो.

अशात त्या जुन्या वाहिनीचा फोन आला. त्यांचा काहीतरी वर्धापनसोहळा होता, सगळ्या जुन्या सूत्रधारांना मंचावर बोलवायचं होतं. फोनवरचा मुलगा फार नम्र होता. "सरांची तब्येत आम्हाला कळली. त्यांनी नुसतं यावं, हात हलवावा. बोलायची सक्ती नाही." वहिनींनी मला बोलावून घेतलं. त्यांना पाठवायचं नव्हतं. "चार लोकांत अडकले तर? लोक हसले तर मला नाही सहन व्हायचं." दिघे खुर्चीत बसून ऐकत होते. त्यांनी डावा हात उचलला, एक बोट दाखवलं. एक. एक वाक्य. वहिनी डोळे पुसत आत गेल्या आणि त्यांचा इस्त्रीचा शर्ट शोधायला लागल्या.

आम्ही रोज संध्याकाळी तयारी करायचो. ते म्हणायचे, "जे... इथून... रि..." आणि थांबायचे. मी घाईने पुढे करायचो, "रिकाम्या." ते संतापून मांडीवर हात आपटायचे आणि पहिल्यापासून सुरुवात करायचे. माझ्याकडून हे इतक्यांदा झालं की शेवटी वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, शब्द हातात देऊ नका. ते शोधताहेत, त्यांना सापडू दे." त्यानंतर मी जीभ दाताखाली धरून बसायला शिकलो. आणि खरंच, वेळ लागायचा, पण सापडायचा. जाण्याच्या आदल्या दिवशी वाक्य शेवटपर्यंत गेलं. दिघे लहान मुलासारखे हसले.

मीच बरोबर गेलो. मोठा थोरला मंच, समोर खचाखच माणसं. दिघ्यांचं नाव पुकारलं, ते काठी टेकत पुढे गेले. सूत्रसंचालन करणारी मुलगी वाकून पाया पडली आणि माइक त्यांच्यासमोर धरून म्हणाली, "सर, काय सांगाल?" दिघ्यांनी हात जोडले. "जे..." ते म्हणाले. थांबले. "इथून..." पुन्हा थांबले. सभागृह चिडीचूप झालं. मी खाली बसून मनातल्या मनात त्यांना म्हणत होतो, वेळ घ्या, सापडेल.

आणि कुणीतरी टाळी वाजवली. वाईट हेतूने नाही. एका वृद्ध, आजारी कलावंताचा कंठ दाटून आला असं समोरच्यांना वाटलं आणि त्यांचाही दाटून आला. एकाचं बघून दुसऱ्याने, आणि बघता बघता सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. बायका डोळे पुसत होत्या. त्या मुलीने त्यांना मिठी मारली. दिघ्यांचे ओठ हलत होते, मी पाहिलं. ते 'रिकाम्या'पर्यंत पोचले होते. मग त्यांनी समोर बघितलं, बोलणं सोडून दिलं आणि लोकांसाठी हात हलवला. परतीच्या वाटेवर पेणच्या अलीकडे गाडी अडकली तेव्हा ते एकच शब्द बोलले. "टाळ्या." त्यात तक्रार नव्हती. थकवा होता.

कार्यक्रम दाखवला त्या संध्याकाळी रामवाडीच्या त्यांच्या घरात बसायला जागा नव्हती. आजूबाजूची बिऱ्हाडं, आमच्या शिफ्टमधले जुने लोक, दारात चपलांचा ढीग. दिघे मधल्या खुर्चीत. त्यांचं नाव आलं, ते चालत आले, आणि 'जे' आणि 'इथून' दोन्ही कापलेलं होतं. हात जोडलेले दिघे, लगेच उभं राहिलेलं सभागृह, हलणारा हात, संपलं. घरातल्या लोकांनीही टाळ्या वाजवायला सुरुवात केली. दिघे मान खाली घालून हसल्यासारखं करत होते.

मालतीवहिनी उठल्या. त्यांनी टीव्ही बंद केला आणि लोकांकडे वळून हात वर केला. त्या कधी चार माणसांत मोठ्याने बोलल्याचं मी पाहिलं नव्हतं. "टाळ्या नकोत," त्या म्हणाल्या. "यांचं बोलणं राहिलंय. ज्यांना वेळ आहे त्यांनी थांबा."

कुणीही उठलं नाही. वहिनी दिघ्यांच्या समोर जमिनीवर बसल्या. "हं, बोला. घाई नाही."

दिघ्यांनी हात जोडले. "जे," ते म्हणाले. बाहेर रिक्षा गेली, परत शांत झालं. "इथून." पुढचा शब्द येईना. त्यांच्या कपाळावर घाम आला. रोजची तयारी ऐकलेल्या शेजाऱ्यांना पुढचा शब्द कुठला असेल याचा अंदाज असावा, मला तर पक्का माहीत होता, पण एकानेही तो पुढे केला नाही. माणसं नुसती बसून राहिली. "रिकाम्या," दिघे म्हणाले. "हातानं. घरी. गेले." मग बराच वेळ गेला. "त्यांना. माझा. नमस्कार." वहिनींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्यांनी ते पुसलं नाही, नजरही हलवली नाही. "तुम्ही आलात," दिघे म्हणाले, आणि हे दोन शब्द एकदम आले, जुन्या आवाजात. "म्हणून. खेळ. झाला."

दिघे त्यानंतर एक पावसाळा राहिले आणि गेले. त्यांच्याबद्दल लिहायचं म्हटलं की लोक त्यांच्या त्या सिनेमाचं, मालिकेचं विचारतात. मला मात्र ती खोलीच आठवते. वाक्य संपलं तरी कुणी हललं नाही, टाळी वाजली नाही. दिघ्यांचे हात अजून जोडलेलेच होते, ते सगळ्यांकडे बघत होते, नमस्कार पोचला की नाही ते कळत नसल्यासारखे. मग मालतीवहिनींनी बसल्या जागी हात जोडले, कपाळाला लावले आणि म्हणाल्या, "पोचला हो."